कोलॅजनचा गोफ, पाणी आणि किडका दात

1955 साली दोन दूरच्या शहरांत दोन शोध प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील रोचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर आम्ल लावून भरणसामग्री घट्ट चिकटवण्याची रीत मांडली. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजन या प्रथिनाची सुधारित रचना सादर केली: तीन सर्पिल साखळ्या परस्परांभोवती गोफासारख्या विणलेल्या. हे दोन्ही शोध दाताच्या संदर्भात एकत्र येण्यास बराच काळ जावा लागला.

एनॅमलखालचे डेंटिन वजनाने सुमारे 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय द्रव्य आणि 10 टक्के पाणी असते. सेंद्रिय भागात मुख्यतः कोलॅजनच असते. किडीच्या आम्लाने खनिज विरघळले, की कोलॅजनचे तंतू उघडे पडतात आणि खनिजाची जागा पाणी घेते. तंतूंना आता आधार असतो तो केवळ या पाण्याचा.

दंतवैद्यकाची परंपरा मात्र कोरडेपणाची होती. 1864 साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी लाळ दूर ठेवण्यासाठी रबराचा पडदा वापरला. एनॅमलच्या बाबतीत कोरडेपणा लाभदायकच ठरला. खनिज गमावलेल्या डेंटिनवर मात्र हवेचा झोत सोडला, की तंतूंचे जाळे खाली बसते. न कमावलेले कातडे वाळल्यावर कडक होते, तेही तंतू एकमेकांना चिकटल्यामुळेच. 1992 साली जॉन कांका यांनी डेंटिन ओलसर ठेवून चिकटवण्याचा पुरस्कार केला, त्यामागे हेच कारण होते.

प्रश्न केवळ चिकटण्याचा नव्हता. जपानचे ताकाओ फुसायामा यांनी 1970च्या दशकात किडक्या डेंटिनचे दोन थर वेगळे दाखवले. बाहेरच्या थरात कोलॅजन तुटलेले असते. आतल्या थरात खनिज घटलेले असले, तरी सांगाडा शाबूत असतो. हा आतला थर पुन्हा खनिजयुक्त होऊ शकतो. त्यासाठी कॅल्शियम व फॉस्फेट तंतूंच्या आत शिरावे लागतात. वाळलेल्या जाळ्यात त्या वाटा मिटतात. खनिज नुसते पृष्ठभागावर साचले, तर डेंटिनचा गेलेला कणखरपणा परतत नाही. पुन्हा ओलावा दिल्यास जाळे बऱ्याच अंशी फुलते; तरीही वाळवलेल्या नमुन्यावरील प्रयोग जिवंत दाताला जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण जिवंत डेंटिन आतल्या द्रवाने सतत ओले असते.

पाण्याचे हे स्थान भारतीय संशोधनात आधीच सूचित झाले होते. रामचंद्रन यांच्या रचनेत दर तीन अमिनो आम्लांमागे दोन हायड्रोजन बंध होते. फ्रान्सिस क्रिक व अलेक्झांडर रिच यांच्या मते तेथे एकच बंध शक्य होता. 1968 साली रामचंद्रन व आर. चंद्रशेखरन यांनी सुचवले, की दुसरा बंध पाण्याच्या रेणूमार्फत जुळतो. 1994 साली कोलॅजनसदृश पेप्टाइडच्या स्फटिकात साखळ्यांना जोडणारे पाण्याचे रेणू प्रत्यक्ष दिसले.

खोल किडीत आतला थर खरवडला, तर दाताचा मगज उघडा पडण्याचा धोका असतो. म्हणून आज तो शक्यतो राखला जातो. राखलेला थर पुन्हा कणखर होईल की नाही, यात इतर गोष्टींबरोबर त्याचा ओलावा टिकला की नाही, यालाही महत्त्व आहे.