पेट्रोलवरचे पाच टक्के

हिंगणा रोडवरच्या कुठल्याही पंपावर पेट्रोल भरा आणि पावती बघा. एक शब्द सापडणार नाही : जीएसटी. शेजारच्या टपरीवरच्या बिस्किटाच्या पुड्यावर तो आहे, मोबाइलच्या रिचार्जवर आहे, गाडीच्या टायरवर आहे. पेट्रोलवर मात्र केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. १ जुलै २०१७ पासून गाजत असलेलं 'एक देश, एक कर' पंपाच्या दारात येऊन थांबतं.

हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे हिशेब बघणाऱ्या एका कर सल्लागारांना मी याचं कारण विचारलं. ते म्हणाले, "राज्यांच्या हातात दुसरं उरलंय काय? हे कसं सोडतील?" मी सॉफ्टवेअरमधला माणूस. जुन्या कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की ती कोणी, कधी, कशासाठी लिहिली हे शोधायची सवय. या ओळीचा माग काढत गेलो तर पोचलो १९३८ मध्ये, आणि तेही आपल्याच नागपुरात.

तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. १९३५ च्या कायद्यानं प्रांतांना स्वायत्तता मिळाली होती, १९३७ च्या निवडणुकांनंतर इथे काँग्रेसचं सरकार आलं होतं. आधी डॉ. ना. भा. खरे आणि १९३८ च्या मध्यापासून रविशंकर शुक्ल पंतप्रधान होते. हो, प्रांताच्या प्रमुखालाही तेव्हा पंतप्रधानच म्हणत. अधिकार मिळाले, पण तिजोरी तीच. सीमाशुल्क आणि प्राप्तिकर केंद्राकडे. प्रांतांकडे मुख्यतः शेतसारा आणि दारूवरची अबकारी. त्यात काँग्रेसचं धोरण दारूबंदीचं. म्हणजे शेतकऱ्यावर आणखी बोजा टाकता येत नाही आणि दारूचं उत्पन्न आपणच बंद करायचं. शाळा आणि दवाखाने चालवायला पैसा आणायचा कुठून?

नागपूरच्या सरकारनं पेट्रोलकडे बोट दाखवलं. मोटारी मोजक्या आणि बहुतेक ऐपतदारांच्या. विक्रेतेही मोजके, त्यामुळे वसुली सोपी. १९३८ च्या चौदाव्या कायद्यानं मोटारीचं इंधन आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला.

केंद्र सरकारनं हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं : देशात तयार होणाऱ्या मालावर उत्पादन शुल्क लावायचा अधिकार आमचा. ते कारखान्याच्या दारातच लावलं पाहिजे असं नाही. माल ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत कुठल्याही टप्प्यावर लावता येतं. तेव्हा पंपावरचा हा कर म्हणजे वेगळ्या नावाचं उत्पादन शुल्कच, आणि ते प्रांताला लावता येत नाही. प्रांताचं उत्तर सरळ होतं : त्याच १९३५ च्या कायद्यात 'मालाच्या विक्रीवरील कर' आमच्या यादीत लिहिलाय.

गव्हर्नर जनरलनं हा प्रश्न फेडरल कोर्टाकडे अभिप्रायासाठी पाठवला. हे न्यायालय १ ऑक्टोबर १९३७ ला सुरू झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाचं हे पूर्वरूप, आणि त्याच्यापुढे आलेलं हे पहिलंच प्रकरण. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सोबत सर शाह सुलेमान आणि मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, तेच हे जयकर. बाकीचे प्रांतही मध्य प्रांताच्या बाजूनं उभे राहिले. आज नागपूर हरलं तर उद्या आपण हरणार, हे त्यांना कळत होतं.

२ डिसेंबर १९३८ ला तिन्ही न्यायाधीशांनी स्वतंत्र अभिप्राय दिले आणि तिघांनीही कायदा वैध ठरवला. युक्तिवादाचा गाभा असा : दोन्ही नोंदी एकाच कायद्यात आहेत, तर त्या एकमेकींना खाणार नाहीत असाच अर्थ लावायला हवा. 'उत्पादन शुल्क' या शब्दांचा अर्थ केंद्र म्हणतं तितका ताणला, तर प्रांतांच्या विक्रीकराचा मोठा भाग कागदावरच राहील. उत्पादनावरचा कर वेगळा, विक्रीवरचा वेगळा.

पाठोपाठ १९३९ मध्ये मद्रास प्रांतानं सर्वसाधारण विक्रीकर आणला. १९४७ मध्ये मध्य प्रांताचाही आला. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेला तरी विदर्भाच्या दुकानदाराला नागपूरचाच कायदा लागू होता. मुंबईचा नवा कायदा आला तो १ जानेवारी १९६० पासून. तोवर विक्रीकर हा राज्यांच्या तिजोरीचा कणा झाला होता. २००५ मध्ये त्याचा व्हॅट झाला आणि २०१७ मध्ये बहुतेक सगळं जीएसटीत विरघळलं. विक्रीकराच्या ज्या नोंदीवर नागपूर लढलं होतं, तिच्या आजच्या रूपात राज्यांकडे उरलं कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन, नैसर्गिक वायू आणि पिण्याची दारू. जिथून सुरुवात झाली, तेच शेवटी हातात राहिलं.

त्याची किंमत कोण मोजतं? १९३८ च्या कायद्यात इंधन आणि वंगण एकाच ओळीत होतं. आज त्याच पंपावर पेट्रोल व्हॅटमध्ये आणि इंजिन ऑइल १८ टक्के जीएसटीत. दोन कायदे, दोन विवरणपत्रं, आणि तपासणी आली की दोन प्रकारचे प्रश्न. एमआयडीसीत लाइट गेल्यावर जनरेटर लावणाऱ्या वर्कशॉपवाल्यालाही तेच. डिझेलवर भरलेला व्हॅट त्याला जीएसटीतून वळता करता येत नाही. तो मालाच्या किमतीत जातो आणि त्या किमतीवर पुन्हा जीएसटी लागतो. कराव‍र कर लागू नये म्हणून आणलेल्या व्यवस्थेत कराव‍र कर.

सल्लागार साहेबांचं मत स्पष्ट आहे : इंधन जीएसटीत आणा, निदान उद्योगाला वळता तरी द्या. व्यापारी म्हणून ते बरोबर आहेत. पण सप्टेंबर २०२१ मध्ये लखनऊच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं 'अजून वेळ आली नाही' म्हणून हा विषय बाजूला ठेवला, तेव्हा राज्यंही चुकत नव्हती. बाकीच्या दरांसाठी त्यांना परिषदेत मतं जमवावी लागतात. पेट्रोलचा दर मात्र मुंबईत किंवा भोपाळमध्ये बसून स्वतः ठरवता येतो, आणि तो वाढला तर शिव्या कोणाला घालायच्या हेही मतदाराला माहीत असतं.

मला वर्कशॉपवाल्याला वळता मिळायला हवा असं वाटतं. पण तो देताना राज्याच्या हातातला शेवटचा मोठा कर जाणार असेल, तर त्याच्या बदल्यात राज्याला काय देणार, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं. नागपुरानं १९३८ मध्ये विचारलेला प्रश्न तोच होता : जबाबदारी आमची, तर पैसा कुठून? तेव्हाचे पाच टक्के आज २५ आणि वर अधिभार झालेत. प्रश्न मात्र वाढलेलाही नाही, सुटलेलाही नाही.