मंद्र ध्वनी व घरगुती ध्वनिक्षेपक
सु. २० ते २०० हर्ट्झ (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) या मर्यादेतील कंप्रतेच्या ध्वनीस ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात मंद्र ध्वनी व व्यवहारात ‘बेस’ म्हणतात. असा ध्वनी राहत्या खोलीत पुरेशा जोराने आणि मूळ रूप न बिघडता निर्माण करणे ही ध्वनिक्षेपकाच्या (लाउडस्पीकरच्या) रचनेतील सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत खर्चिक अडचण आहे. जमिनीवर उभी राहणारी उंच पेटी हे तिच्यावरील अनेक उत्तरांपैकी एक. घरगुती चित्रपटगृहासाठी (होम थिएटरसाठी) अशी पेटी निवडताना ग्राहकापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते बहुतेक सगळे १९२५ ते १९७५ या पन्नास वर्षांत एकेक करून पुढे आलेले आहेत.

अडचणीचे मूळ हवेत आहे. २० हर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी सु. १७ मीटर असते. तिच्या मानाने ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू अगदीच लहान असल्यामुळे तो हवेला पकडू शकत नाही, हवा त्याच्या कडेने निसटते. ध्वनीची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर शंकूला चौपट हवा हलवावी लागते. ८० हर्ट्झला शंकू एक मिलिमीटर हलत असेल, तर तेवढ्याच पातळीसाठी त्याला ४० हर्ट्झला चार व २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलावे लागेल. शिवाय शंकूच्या पाठीमागून निघणारा ध्वनी पुढील ध्वनीच्या नेमका विरुद्ध असतो व दोघे एकत्र आले की एकमेकांना पुसून टाकतात. पेटीची मूळ गरज या दुसऱ्या कारणामुळे निर्माण झाली.

इतिहास : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंत्यांनी १९२५ मध्ये चलवेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. चुंबकीय क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे व त्याला जोडलेला शंकू ही त्यांची रचना तत्त्वतः अद्याप टिकून आहे. शंकूची स्वाभाविक कंप्रता त्याच्या कार्यक्षेत्राच्या खाली ठेवावी, हा त्यांचा विचार मंद्र ध्वनीच्या दृष्टीने निर्णायक ठरला. त्यानंतरच्या रेडिओ-पेट्यांची पाठ बहुधा उघडीच असे. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरस यांनी बंद पेटीला मोजके रंध्र ठेवून पाठीमागील ध्वनी उलटवून पुढे आणण्याची युक्ती काढली व १९३२ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) त्यांना मिळाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली असता जो घुमारा उठतो, त्याच अनुस्पंदनाचा येथे उपयोग केलेला असतो. आजच्या बहुसंख्य उभ्या पेट्यांना मागे किंवा खाली जी नळी दिसते, ती थुरस यांचीच.

चित्रपटगृहांनी मात्र कर्ण्याचा मार्ग धरला. निर्वात नलिकांच्या विवर्धकांची शक्ती थोडी आणि प्रेक्षागृहे मोठी. त्यामुळे थोड्या वॅटमध्ये अधिक ध्वनी देणारा कर्णा अपरिहार्य होता. हा मार्ग घरात आणण्याचे श्रेय पॉल क्लिप्श (१९०४–२००२) या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. खोल ध्वनीसाठी कर्ण्याचे तोंड कित्येक मीटर रुंद हवे. क्लिप्श यांनी कर्णा घडी घालून पेटीत बसविला व ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवून तेथील दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचा उरलेला भाग बनविले. आर्कान्सा राज्यातील होप या गावी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीने ‘क्लिप्शहॉर्न’ याच रूपात सात दशकांहून अधिक काळ बनविला. काही वॅटच्या विवर्धकावर तो खोली दणाणून सोडी. अट एवढीच, की खोलीला मोकळे कोपरे हवेत. १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा एकाच्या जागी दोन कोपरे लागू लागले आणि हा तोडगा सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेला.

त्याच्या थोडे आधी नेमके उलट दिशेने एक पाऊल पडले होते. एडगर व्हिल्चर (१९१७–२०११) यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज येथे १९५४ मध्ये ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. शंकूला सावरून धरणारी ताठ किनार काढून टाकावी, ती सैल ठेवावी व पूर्ण बंद अशा लहान पेटीतील कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम करू द्यावे, अशी त्यांची कल्पना. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या स्प्रिंगेपेक्षा कितीतरी सम असल्याने मंद्र ध्वनीतील बिघाड एकदम घटला. ‘एआर-१’ ही त्यांची पेटी फळीवर मावणारी असूनही कपाटाएवढ्या समकालीन पेट्यांपेक्षा खाली उतरत असे. तिची किंमत वेगळ्या स्वरूपात चुकवावी लागे. तिला वॅट फार लागत. पुढे ट्रँझिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि हा सौदा जगभर मान्य झाला. एकस्व मात्र न्यायालयात टिकले नाही. व्हिल्चर यांनी अपील केले नाही. १९६७ मध्ये कंपनी विकून ते श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले आणि त्या क्षेत्रातही त्यांचे काम महत्त्वाचे मानले जाते.

क्लिप्श व व्हिल्चर यांच्या पेट्या परस्परविरोधी वाटतात, पण त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. हा हिशेब क्लॉस यांचे नंतरचे भागीदार जे. अँटन हॉफमन यांनी मांडला. लहान पेटी, खोल ध्वनी आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिहींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. कार्यक्षमता कायम ठेवून मंद्र मर्यादा एक सप्तक खाली न्यायची असेल, तर पेटीचे घनफळ आठपट करावे लागते. घनफळ तेच ठेवले, तर कार्यक्षमता एक-अष्टमांश होते. ऑस्ट्रेलियन अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये व रिचर्ड स्मॉल यांनी १९७२–७३ च्या सुमारास रंध्रयुक्त व बंद पेट्यांचे गणित पूर्ण केले. थील यांचा निबंध प्रथम ऑस्ट्रेलियातच प्रसिद्ध झाला व १९७१ मध्ये अमेरिकेत पुनर्मुद्रित होईपर्यंत त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. तोवर रंध्राची लांबी अंदाजाने ठरविली जाई आणि ‘घुमणाऱ्या पेट्या’ ही त्या रचनेची अपकीर्ती होती, ती सर्वस्वी अनाठायी नव्हती.

या गणितामुळे उंच, अरुंद पेटी पुन्हा प्रतिष्ठा पावली. घोडीवर ठेवलेली लहान पेटी जमिनीवर जेवढी जागा अडविते, तेवढ्याच जागेत ती दुप्पट-तिप्पट घनफळ देते. पण अरुंद पेटीत मोठा शंकू मावत नाही. सु. ३३ सेंमी. प्रभावी व्यासाच्या एका जुन्या ‘पंधरा इंची’ शंकूइतके क्षेत्रफळ साधण्यास सु. १३ सेंमी. प्रभावी व्यासाचे सहाहून अधिक ‘साडेसहा इंची’ शंकू लागतात. पेटीत बहुधा दोन किंवा तीन असतात. दर्शनी भागावरील शंकूंची रांग पाहून भारावण्यापूर्वी ही बेरीज करणे हिताचे.

दरम्यान चित्रपटाने आपल्या मागण्या वाढविल्या. ‘अर्थक्वेक’ (१९७४) या चित्रपटासाठी ‘सेन्सराउंड’ पद्धतीत भूकंपाचा गडगडाट स्वतंत्र प्रचंड ध्वनिक्षेपकांतून दिला गेला. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) ७० मिमी. प्रतींत पडद्यामागील दोन मार्गिका केवळ मंद्र ध्वनीला देण्यात आल्या. १९९२ मध्ये आलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीत हीच सोय ‘५.१’ मधील ‘.१’ या मार्गिकेच्या रूपाने स्थिरावली. ही मार्गिका १२० हर्ट्झपर्यंतच जाते, पण इतरांपेक्षा १० डेसिबेल अधिक जोराची असते. १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी अवतरली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ती मार्गिका दिवाणखान्यात पोहोचली. संगीतासाठी बांधलेल्या पेट्यांवर हा भार अनपेक्षित होता. म्हणून ८० हर्ट्झच्या खालचा ध्वनी स्वतंत्र सबवूफरकडे वळविण्याचा प्रघात टीएचएक्स प्रमाणनाने रूढ केला. त्याखालील ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसे कळत नाही, हा त्याचा आधार.

निवड : यामुळे पहिला प्रश्न पेटीचा नसून तिच्यावर पडणाऱ्या कामाचा आहे. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा काळी एकला (सु. १३९ हर्ट्झ) लावल्या, तर खर्ज सु. ६९ हर्ट्झला असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बेसची सर्वांत जाड तार सु. ४१ हर्ट्झची. म्हणजे ४० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारी उभी पेटी रागसंगीतास व बहुतेक वाद्यवृंदास पुरेशी आहे. चित्रपटातील स्फोट व गडगडाट २०–३० हर्ट्झपर्यंत जातात आणि तेथे मध्यम किंमतीची कोणतीही उभी पेटी थकते. जिला ते जमते, तिच्या किंमतीत चांगली पेटी आणि चांगला सबवूफर दोन्ही येतात. सबवूफर असेल, तर उभ्या पेटीचा उपयोग ८० हर्ट्झच्या वर ती न दमता मोठा आवाज देते यासाठी राहतो. तोही लहानसहान नव्हे.

माहितीपत्रकातील ‘३० हर्ट्झ’ हा आकडा किती डेसिबेल घसरणीला मोजला आहे, ते पाहिल्याशिवाय निरर्थक असतो; ३ डेसिबेल व १० डेसिबेल घसरणीच्या आकड्यांत बरेच अंतर पडते. रंध्रयुक्त पेटीचा ध्वनी आपल्या मर्यादेखाली सप्तकामागे सु. २४ डेसिबेलने व बंद पेटीचा सु. १२ डेसिबेलने कोसळतो. त्यामुळे आकड्यात उथळ वाटणारी बंद पेटी खोलीत काही वेळा अधिक भरीव वाटते. संवेदनशीलतेतील ३ डेसिबेलचा फरक म्हणजे विवर्धकाची शक्ती दुप्पट किंवा निम्मी. ८६ डेसिबेलच्या पेटीला जे १०० वॅट लागतात, ते ८९ डेसिबेलच्या पेटीला ५० पुरतात.

उरलेला निर्णय खोली घेते. ४.३ मी. × ३.४ मी. मापाच्या दिवाणखान्यात ४० व ५० हर्ट्झच्या आसपास स्थिर तरंग उभे राहतात. तेथे काही ठिकाणी ध्वनी फुगतो, तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. लाकडी सांगाड्याच्या अमेरिकन घरांत भिंती थोड्या लवून हा ध्वनी अंशतः शोषतात. मुंबई-पुण्याच्या विटा व काँक्रीटच्या घरांत तो परावर्तित होत राहतो, म्हणून परदेशी परीक्षणांत ‘संयत’ ठरलेली पेटी येथे घुमते. अशा खोलीत मोठी पेटी घेण्याने हानीच संभवते. पेटीचा दर्शनी भाग मागील भिंतीपासून एक मीटर असेल, तर सु. ८६ हर्ट्झला भिंतीवरून परतणारा ध्वनी मूळ ध्वनीला मारतो. पेटी पुढेमागे सरकविली की हा खड्डा वरखाली सरकतो. विकत घेण्यापूर्वी पेटी घरी आणून ऐकण्याची सोय विक्रेत्याने दिली, तर ती कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाची समजावी.

एकाऐवजी दोन किंवा चार सबवूफर निरनिराळ्या भिंतींपाशी ठेवल्यास बैठकीच्या जागांतील फरक कमी होतो, हे अमेरिकेतील हार्मन कंपनीच्या संशोधकांनी २००२ च्या सुमारास मोजमापांनी दाखविले. विवर्धकांत आता अंगभूत असलेली खोली-दुरुस्तीची अंकीय योजना फुगवटे चांगले उतरविते. खड्डे मात्र ती भरू शकत नाही. तेथे अधिक शक्ती घातली, तरी परतणारा तरंगही तितकाच वाढतो, बैठकीवर आवाज तेवढाच राहतो आणि शंकू आपल्या मर्यादेबाहेर ताणला जातो.