तहान आणि विहीर

पाणीपट्टी थकली कीं नळ तोडावा, हा एरव्हीं साधा व्यवहार वाटतो. दुकानदार उधारी थांबवितो, तसेंच हें, असें आपण म्हणतों. परंतु ज्या घरीं हात धुण्यापुरतेंही पाणी नाहीं, तेथें शिरलेला रोग त्या घराच्या उंबरठ्याशीं थांबत नाहीं. अमेरिकेंतील डेट्रॉइट नगरीचा अलीकडील इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

जगाच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारें पांचवा हिस्सा ज्या पांच महासरोवरांत सांठला आहे, त्यांना जोडणाऱ्या प्रवाहाकांठीं हें नगर वसलें आहे. मोटारींच्या कारखान्यांनीं तें भरभराटलें आणि कारखाने उठून गेल्यावर ओस पडूं लागलें. वस्ती घटली, नळांचें विस्तीर्ण जाळें मात्र तसेंच राहिलें, व त्याचा भार मागें उरलेल्या, बहुतांशीं गरीब लोकांवर पडला. 2013 च्या जुलैंत नगरीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. 2014 सालीं थकबाकीदारांचे नळ हजारोंनीं बंद होऊं लागले. ज्यांची ऐपतच नाहीं त्यांचें पाणी तोडणें हा मानवी हक्कांचा भंग होय, असें संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनीं बजावलें. दिवाळखोरीच्या न्यायालयानें मात्र सप्टेंबरांत ही तोडणी थांबविण्यास नकार दिला. परवडेल अशा दरानें पाणी मिळण्याचा हक्क कायद्यांत नाहीं, असें त्याचें मत पडलें.

जें सहा वर्षें पटलें नाहीं, तें 2020 च्या मार्चमध्यें करोनाच्या साथीनें तीन आठवड्यांत पटविलें. 9 मार्च रोजीं दरमहा 25 डॉलर घेऊन नळ पुन्हा जोडण्याची योजना जाहीर झाली. 28 मार्च रोजीं मिशिगनच्या गव्हर्नरनें घरांचे तोडलेले नळ राज्यभर जोडून देण्याची आज्ञा काढली. तथापि दीर्घकाळ बंद राहिलेल्या कांहीं घरांतील नळ्यांची आधीं डागडुजी करावी लागली. शिवाय गव्हर्नरच्या आणीबाणीच्या अधिकारांचा आधारच ऑक्टोबरांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें काढून घेतला. डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा केला. त्याचें अभय 31 मार्च 2021 पर्यंतचेंच होतें.

इंग्लंड व वेल्स यांनीं हा प्रश्न वेगळ्या रीतीनें सोडविला. तेथें 1989 सालीं पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांच्या हातीं गेला आणि 1991-92 या एका वर्षांत सुमारें 21,000 घरांचें पाणी तुटलें. डॉक्टरांनीं सार्वजनिक आरोग्याच्या नांवानें आक्षेप घेतला, आणि 1999 च्या कायद्यानें थकबाकीसाठीं राहत्या घराचें पाणी तोडण्यास कायमची बंदी घातली.

अशानें बुडव्यांचें फावेल, ही शंका अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच त्या कायद्यानें येणें माफ केलें नाहीं. तें न्यायालयामार्फत वसूल करण्यास कंपन्या मोकळ्या राहिल्या. काढून घेतलें तें एवढेंच, कीं तहानेचें शस्त्र. 2020 सालीं साथ आली तेव्हां पाण्याच्या बाबतींत त्या देशास नवी आज्ञा काढावी लागली नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही आपली म्हण डेट्रॉइटला महागांत पडलेल्या अनुभवानें शिकावी लागली.