गाणे पाठ, नाव मागे

कोल्हापुरात एखाद्या संगीतकाराच्या नावाने गाण्यांची संध्याकाळ ठरली की तिची एक रीत असते. पडदा सरकतो तेव्हा वादक आधीच बसलेले असतात; मध्ये संवादिनी, एका हाताला ढोलकी आणि तबला, दुसऱ्या हाताला कीबोर्ड, मागच्या फलकावर संगीतकाराचे छायाचित्र आणि त्याला सकाळीच घातलेला हार. निवेदक प्रत्येक गाण्याआधी चित्रपट, कवी, मूळ गायिका यांची नावे सांगतो, एखादा किस्सा रंगवतो. ढोलकीवर पहिली थाप पडते आणि मागच्या रांगांतून शिट्टी येते. ती शिट्टी बहुतेक वेळा फलकावरच्या माणसासाठी नसते. ती मूळ गायिकेसाठी असते, पडद्यावर नाचलेल्या नटीसाठी असते, पुष्कळदा नुसत्या ढोलकीसाठी असते.

ती शिट्टी कोणाच्या नावावर जमा होते, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी दोन संगीतकार घेतो. दोघांचीही गाणी कोल्हापूरला तोंडपाठ आहेत. एकाने आपले खरे नाव श्रेयनामावलीत छापू दिले नाही. दुसऱ्याचे नाव चित्रपटामागून चित्रपट ठळक अक्षरांत झळकले. पहिल्याचे नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याचे सांगावे लागते. पहिला ‘आनंदघन’, दुसरे वसंत पवार.

दोघांकडे वळण्याआधी गावाचा कान कसा घडला ते पाहायला हवे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. या चार वर्षांत पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) इथे तयार झाला. त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. टेंबे म्हणजे संवादिनीवरची हुकमत, अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा ध्यास आणि संगीत नाटकाचा मुरलेला अनुभव. दरबारात अल्लादियाखाँ, देवल क्लबात मैफली, खासबागेत कुस्त्या आणि त्या मैदानाला लागूनच १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. जत्रांच्या हंगामात तमाशाचे फड. एकाच माणसाने सकाळी देवल क्लबाबाहेर उभे राहून ख्याल ऐकावा आणि रात्री फडात पुढे बसून लावणी ऐकावी, यात इथे कोणाला विसंगती वाटली नाही. पुण्याहून आलेल्या मंडळींना ती वाटत असे, हा भाग वेगळा.

वसंत पवार हे या कानाचे अपत्य. कोल्हापूरचे, मूळचे सतारवादक. सतारीची बोटे असलेला माणूस ढोलकीच्या चित्रपटांचा संगीतकार झाला, आणि त्यात त्याच्या चालींचे मर्म आहे. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. माने कोल्हापूरचेच. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट अडीच वर्षांच्या आसपास चालला. हंसा वाडकरांनी पुढे आपल्या आत्मकथनाला या चित्रपटाचेच नाव दिले, इतके ते त्यांच्या आयुष्याला चिकटून बसले होते. गदिमांनी लिहिलेली आणि आशा भोसले यांनी गायिलेली त्यातली बुगडीची लावणी ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण.

त्या लावणीत पवारांनी नेमके काय केले? फडातली लावणी घड्याळ पाहत नाही. एक ओळ पाच वेळा घोळवायची, अदा करायची, पुढच्या रांगेतून फर्माईश आली की मागे फिरायचे, ढोलकीवाल्याने मध्येच तुकडा टाकायचा. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तेवढ्यात फडाचा सगळा भास उभा करायचा, शिवाय ज्या घरातल्या बायका फडाकडे फिरकतही नाहीत त्यांनाही गुणगुणता यावी अशी चाल ठेवायची. पवारांनी फडातला ठसका ठेवला आणि पसारा काढला. ओळीच्या शेवटी येणारी हरकत आखून दिली, दोन कडव्यांमधली जागा वाद्यांनी भरली आणि ढोलकीला कधी थांबायचे ते शिकवले. माझ्या मते त्यांच्या लावणीतली सर्वांत मोलाची गोष्ट ढोलकीचे हे थांबणे आहे. ठेका सुटतो, गायिका एकटी राहते, आणि ती समेवर येईपर्यंत ऐकणारा श्वास धरून बसतो. पुढे लावणीचे कितीतरी चित्रपट आले. पुष्कळांत ढोलकी अखंड वाजते आणि म्हणूनच कानावरून निघून जाते.

‘रंगल्या रात्री अशा’मधली लवंगी मिरचीची लावणी पवारांचीच. ती सुलोचना चव्हाणांनी गायिली आणि लिहिली होती कोल्हापूर जिल्ह्यातल्या जगदीश खेबूडकर या तरुण शिक्षकाने. चित्रपटासाठी लावणी लिहिण्याचा त्यांचा तो आरंभ. ‘सवाल माझा ऐका’ आणि ‘मल्हारी मार्तंड’मधल्या ज्या लावण्यांनी सुलोचनाबाईंचे नाव घरोघरी पोचवले, त्यांच्या चालीही पवारांच्या. दुसरीकडे ‘मानिनी’त (१९६१) बहिणाबाईंच्या ओव्यांना त्यांनी लावलेली चाल इतकी साधी आहे की ती कोणी ‘लावली’ असेल असे वाटतच नाही. जात्यावर बसल्यावर आपोआप सुचावी तशी ती आहे. चाल लोकगीतात विरघळली की संगीतकाराचे काम पुरे झाले, असे म्हणायची पद्धत आहे. पण विरघळणाऱ्याचे नावही त्याबरोबर विरघळते, एवढे त्यात जोडायला हवे.

१९६५ साली, चाळिशीही न गाठता, वसंत पवार गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मिरजेच्या राम कदमांनी तो वारसा पुढे नेला, व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’तले (१९७२) संगीत आज बहुतेकांना मराठी लावणीची सुरुवात वाटते. ती सुरुवात नव्हती.

पवार गेले त्याच वर्षी भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ आला. लोहार नवराबायकोच्या या कथेत खेबूडकरांनी लिहिलेले भात्याचे आणि ऐरणीचे गाणे आहे. संगीतकार म्हणून पडद्यावर नाव आले ‘आनंदघन’. हे नाव त्याआधी ‘मोहित्यांची मंजुळा’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ या भालजींच्याच चित्रपटांवर दिसले होते. चाली लोकप्रिय होत्या, पण हा कोण गृहस्थ ते कोणी सांगत नव्हते. ‘साधी माणसं’ला राज्य चित्रपट पुरस्कारांत संगीताचा मान मिळाला, तेव्हाची हकिकत कोल्हापुरात आजही रंगवून सांगितली जाते. आनंदघन यांचे नाव पुकारले गेले, कोणी उठेना. अखेर निवेदकाने सांगून टाकले की आनंदघन सभागृहातच आहेत आणि त्या लता मंगेशकर आहेत. लताबाई उठल्या, पुरस्कार घेतला आणि भाषण न करता जागेवर जाऊन बसल्या.

हे नाव कोल्हापूरशी किती बांधलेले आहे ते मुद्दाम सांगायला हवे. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेल्यावर मास्टर विनायकांनी या कुटुंबाला आधार दिला आणि त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्सच्या दिवसांत किशोरवयीन लता कोल्हापुरात राहिली. भालजी तिला वडिलांच्या ठिकाणी. सगळ्या चित्रसृष्टीप्रमाणे तीही त्यांना ‘बाबा’ म्हणे. १९४८च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ होरपळला, कर्ज वाढले, आणि पुढे स्टुडिओ लताबाईंच्या मालकीचा झाला. तरी भालजी तिथे चित्रपट करत राहिले. आनंदघन हे नाव फक्त बाबांच्या चित्रपटांसाठी होते. १९६९च्या ‘तांबडी माती’नंतर ते थांबले.

चालींविषयी बोलायचे तर आनंदघन यांचा मार्ग पवारांच्या उलटा आहे. पवार फडातला पसारा काढून ठसका ठेवतात. आनंदघनकडे मुळातच पसारा नाही. वाद्ये मोजकी, चाल सरळ, आणि वजन शब्दाच्या उच्चारावर. ‘मराठा तितुका मेळवावा’मधल्या शांता शेळक्यांच्या गीतांत पोवाड्याचा आवेश आहे, पण शाहिराचा आरडाओरडा नाही. ऐरणीच्या गाण्यात घणाचा ठोका हाच ताल होतो. आपल्या आवाजाला काय शोभते हे त्या संगीतकाराला जितके ठाऊक होते तितके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पण मला त्याहून कौतुक वाटते ते ‘मराठा तितुका’मध्ये आशाबाईंना दिलेल्या रेशमी भरतकामाच्या लावणीचे. ती गायची कोणी, हे ठरवताना त्या संगीतकाराने स्वतःतल्या गायिकेला बाजूला ठेवले. तिथे आनंदघन हे निव्वळ टोपणनाव राहिले नाही, तो एक स्वतंत्र संगीतकार झाला.

आता मूळ मुद्दा. लपवलेले नाव लोकांनी शोधून काढले आणि जपले, कारण त्यामागे आवाज होता. आनंदघनच्या नावाने संध्याकाळ केली की ती आपोआप लताबाईंचीही होते, सभागृह भरते. सुधीर फडकेही कोल्हापुरात जन्मलेले (१९१९). त्यांचे संगीतकारपण कोणी विसरत नाही, कारण ‘गीतरामायणा’त चालही त्यांची आणि गळाही त्यांचाच, रामनवमी आली की त्यांची आठवण काढावी लागत नाही, ती येतेच. वसंत पवारांची चाल मात्र नेहमी दुसऱ्याच्या गळ्यातून आली. बुगडी आशाबाईंच्या खात्यावर गेली, लवंगी मिरची सुलोचनाबाईंच्या. सुलोचनाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या, तेव्हा गावोगावी त्यांच्या लावण्यांचे कार्यक्रम झाले. त्या कार्यक्रमांतल्या गाजलेल्या लावण्यांची यादी काढली तर पवारांच्या नावाची अर्धी संध्याकाळ सहज निघेल.

याचा दोष एकट्या रसिकांना देता येत नाही. रसिकांपर्यंत गाणे पोचवणाऱ्यांपैकी नाव सांगणारे थोडेच होते. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांतून पोस्टकार्डे जाऊ लागली. ‘आपली आवड’मध्ये निवेदिका गीत, संगीत आणि स्वर अशी तिन्ही नावे सांगे, मग फर्माईश करणाऱ्यांची गावांसकट यादी वाचे. या यादीत आपले नाव यावे म्हणून कान टवकारून बसलेल्यांच्या कानावर संगीतकाराचेही नाव जाई. अनेक घरांत वसंत पवार हे नाव पोचले ते एवढ्याच वाटेने. गणपतीच्या मिरवणुकीतला किंवा वरातीतला बँड मात्र नाव सांगत नाही. क्लॅरिनेटवर बुगडी सुरू झाली की लेझीम थांबते, पोरे नाचू लागतात. तिथे श्रेयनामावलीला जागाच नसते. आणि आजच्या मोबाइलवर गाणे उघडले तर नटीचा चेहरा आणि गायिकेचे नाव दिसते, संगीतकारासाठी आणखी दोनदा बोट फिरवावे लागते.

म्हणूनच गाण्यांच्या या संध्याकाळींना मी केवळ करमणूक मानत नाही. संगीतकाराचे नाव मोठ्याने उच्चारले जाते अशा फार थोड्या जागांपैकी ती एक आहे, आणि कोल्हापुरात ती जागाच अडचणीत आली आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळत्या छपराकडे पाहत रस्त्यावर उभी राहिलेली माणसे रडत होती. त्याआधी, २०२२ साली, लताबाईंच्या निधनानंतर काही दिवसांतच जयप्रभाच्या विक्रीची बातमी बाहेर आली आणि गावातले कलावंत उपोषणाला बसले. ज्या स्टुडिओत आनंदघनच्या गाण्यांचे चित्रीकरण झाले तो राहावा, असे त्यांचे म्हणणे होते. मालमत्तेचा अधिकार मालकाचाच, असे दुसऱ्या बाजूचे. आनंदघनवर प्रेम करणाऱ्याला या वादात उभे राहणे सोपे नव्हते. गाणे बाबांसाठी केलेले, जागाही बाबांचीच होती, आणि दोन्हींवर नाव एकाच बाईंचे.

बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून या गावाने स्तंभ उभारला आहे. चालीचा स्तंभ कसा उभारणार? ती धातूत ओतता येत नाही. पण एक गोष्ट सहज करता येईल. सुलोचनाबाईंच्या किंवा आशाबाईंच्या लावण्यांचा पुढचा कार्यक्रम ठरवताना पत्रिकेवर प्रत्येक गाण्यापुढे संगीतकाराचे नाव गायिकेच्या नावाइतक्याच टायपात छापावे. एका संध्याकाळी बुगडी आणि ऐरण पाठोपाठ घ्यावीत, पहिली वसंत पवारांची म्हणून, दुसरी आनंदघन यांची म्हणून, आणि ढोलकीवाल्याला सांगून ठेवावे की मूळ मुद्रिकेत जिथे ठेका सुटतो तिथे तोही सोडायचा.