रसदीचे शिपाई

सैन्य पोटावर चालते, असे आपण म्हणतो. पण युद्धाचा इतिहास मात्र बंदूक चालविणाऱ्यांचाच लिहितो. शिधा, दारूगोळा आणि वैरण पोहोचविणारा शिपाई त्यात क्वचितच सापडतो. जमादार मौला दाद खान हा असाच एक शिपाई.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौज पूर्णपणे मोटारींवर विसंबून फ्रान्समध्ये उतरली. जिथे चिखल आणि बर्फापुढे चाके हतबल होतात, तिथे ओझे वाहायला खेचरे हवी होती आणि ती हाकणारी माणसेही. ती हिंदुस्थानातून मागविण्यात आली. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर-तुकड्या डिसेंबर 1939 मध्ये मुंबई बंदरातून निघाल्या आणि 26 डिसेंबरला मार्सेलिसला पोहोचल्या. यातील बहुसंख्य जवान पंजाबी मुसलमान होते. त्या वर्षीच्या कडाक्याच्या हिवाळ्यात गोठलेल्या रस्त्यांवरून त्यांनी सामान वाहिले.

मे 1940 मध्ये जर्मन फौजा चालून आल्या आणि माघार सुरू झाली. तोफा आणि विमाने यांच्या माऱ्यात सापडलेल्या आपल्या पथकाला मौला दाद खान यांनी सावरले, माणसे व जनावरे रस्त्यावरून हलवून आडोशाला नेली. या धैर्याबद्दल त्यांना इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले. त्यांच्या हाती खेचरांचे लगाम होते, म्हणून त्यांचे शौर्य कमी ठरत नाही.

डंकर्कच्या किनाऱ्यावरून यातले अनेक जवान इंग्लंडला पोहोचले. जिवापाड जपलेली खेचरे मात्र मागेच सोडावी लागली. एक तुकडी पूर्व फ्रान्समधील व्होज डोंगरात जर्मनांच्या हाती सापडली आणि कैदेत गेली. सुटलेल्यांनी पुढची वर्षे ब्रिटनमध्ये काढली. वोकिंगच्या शहाजहान मशिदीत त्यांनी ईदची नमाज अदा केली, वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत सराव केला. 1944 च्या सुरुवातीस ते मायदेशी परतले. सगळेच मात्र नाही. स्कॉटलंडमधील किंगुसी गावात त्यांच्यापैकी नऊ जणांच्या कबरी आहेत.

पुढे 1947 ला देश दुभंगला. या जवानांची बहुतेक गावे पाकिस्तानात गेली. भारताने त्यांना परके मानले, पाकिस्तानच्या दृष्टीने ते इंग्रजांचे नोकर होते आणि ब्रिटनला ते हिंदुस्थानी म्हणून आठवले नाहीत. 2017 मध्ये 'डंकर्क' हा चित्रपट आला, तेव्हा त्यातही हे शिपाई नव्हते.

ज्यांच्यावर कोणाचाच हक्क नाही, त्यांना इतिहासातून काढून टाकणे सोपे असते. साम्राज्याच्या युद्धात ते का गेले, याची चिकित्सा अवश्य व्हावी. पण चिकित्सेसाठी आधी नोंद तर हवी! भुकेल्या फौजेपर्यंत भाकरी नेणाऱ्यांचे नावही इतिहासाच्या पानावर असले पाहिजे.