छत कुणी लावलं?

परवा तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर गेलो होतो. बातमीसाठी नाही, ओळखीच्या माणसाचं काम चालू होतं म्हणून. हॉलमध्ये फॉल्स सीलिंग चाललं होतं. दोघं जण घोडीवर उभे, डोक्यावर आणि तळहातांवर जिप्समचा बोर्ड तोललेला, तिसरा मशीनने त्यात स्क्रू मारतोय. मान पूर्ण मागे, डोळ्यांत पांढरी पूड. खाली मालक फोनवर कुणाला तरी सांगत होते, "शनिवारी वास्तुशांत आहे, शुक्रवारपर्यंत रंग झालाच पाहिजे."

मुकादम पवन मावळातला, आपलाच पोरगा. बाकीचे दोघे बिहारचे. मी म्हटलं, जरा दम घ्या की. तो म्हणाला, "दादा, पैसे फुटावर आहेत. दम घेतला तर तो आमच्या खिशातून जातो."

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्या मावळाला छताचं काम नवीन नाही. एकवीरा आईच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. देवळाला लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह आहे. आत जाऊन कधी मान वर करून बघितलंय? सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच दालन, ३७ खांब, आणि वर कमानीसारख्या वाकवलेल्या सागवानी फासळ्या. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून जागेवर आहे. भाज्याचं चैत्यगृह त्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. तिथल्या छतातही काही मूळ लाकूड टिकलंय, आणि त्यावर ब्राह्मीत कोरलेली अक्षरंही सापडली आहेत. बेडशाच्या लेण्यातलं लाकूड मात्र गेलं.

गंमत अशी, की या फासळ्या काहीच पेलत नाहीत. वरचा डोंगर स्वतःच उभा आहे. आधीची चैत्यगृहं लाकडाची असायची. ती बघून दगडात लेणं कोरलं, आणि छत घरासारखं दिसावं म्हणून खडकात खाचा पाडून लाकडी फासळ्या बसवल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर हे फॉल्स सीलिंगच. आपल्या तालुक्यातलं सगळ्यात जुनं.

त्या काळच्या कामाची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. लेणं वरून खाली कोरत. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. अर्धवट सोडलेल्या लेण्यांमध्ये हे स्पष्ट दिसतं. पायाखालचा न फोडलेला खडक हीच परांची. म्हणजे दगडातलं छत घडवणारा पक्क्या जमिनीवर उभा राहून काम करायचा, आणि त्याचं काम सगळ्यात आधी व्हायचं. आज बरोबर उलटं आहे. छतवाला शेवटी येतो. गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशीवाला या सगळ्यांनी घालवलेले दिवस त्याने भरून काढायचे, तेही डुगडुगत्या घोडीवर, नव्या फरशीला ओरखडा न पाडता.

कार्ल्यात आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, याचं नाव आहे. धंद्याने वढकी, म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला अजून वाढई म्हणतात. लेण्याचं दार त्याचं, अशी नोंद आहे. छताच्या फासळ्याही त्यानेच केल्या असं म्हणता येत नाही. पण याच लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठचं नाव आहे आणि सुताराचंही आहे. दोन हजार वर्षं दोन्ही नावं दगडावर टिकली.

पुढचा इतिहास थोडक्यात. वाड्यांमध्ये कडीपाट आला. कड्यांवर फळ्या, सगळं सुताराचं काम. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे झाली आणि लोणावळा-खंडाळ्यात साहेबांचे, पारशी-गुजराती शेठजींचे बंगले वाढले. कौलांखाली फळ्यांची छतं आली. नंतर स्लॅबचा जमाना. स्लॅबखाली छत लावायची गरज नव्हती, पण शोभेसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस आलं. काथ्या घालून जागेवरच पत्रे ओतायचे, तारेने टांगायचे, सांधे भरायचे. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि मुंबईकरांचे सेकंड होम पवना धरणापर्यंत पोहोचले. त्यांच्याबरोबर जिप्सम बोर्ड घराघरांत गेला.

हा बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांमध्ये जिप्समचा थर. मूळ कल्पना अमेरिकेची. ऑगस्टिन सॅकेट नावाच्या माणसाने १८९४ मध्ये अशा बोर्डाचं पेटंट घेतलं. ओलं प्लास्टर वाळायची वाट बघावी लागू नये, हा सगळा खटाटोप.

आता काम कसं चालतं ते बघा. आधी पाण्याच्या नळीने किंवा लेझरने चारही भिंतींवर एक लेव्हल काढायची आणि सूत मारायचं. त्या रेषेवर पत्र्याचं चॅनल. स्लॅबला भोकं पाडून पट्ट्या टांगायच्या. त्यांना चार-चार फुटांवर मुख्य चॅनल, त्याखाली आडवे सेक्शन, दर १८ इंचांवर एक. सांगाडा झाला की बोर्ड. लांब बाजू सेक्शनला आडवी यायला हवी. शेजारच्या दोन ओळींतले सांधे एका रेषेत येता कामा नयेत, नाहीतर तिथेच तडा जातो. स्क्रू दर ९ इंचांवर. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत जायला हवं, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर त्या स्क्रूची पकडच गेली. मग सांध्यांवर कागदी टेप, मसाल्याचा हात, वाळू द्यायचं, पुन्हा हात, पुन्हा वाळू द्यायचं, मग घासायचं.

साधा हिशेब करू. बारा बाय पंधराची खोली, १८० चौरस फूट. सहा बाय चारचा बोर्ड २४ फुटांचा, म्हणजे आठ बोर्ड लागतात. साडेबारा मिलिमीटर जाडीचा एक बोर्ड १८ ते २० किलो भरतो. एका बोर्डात पाच सेक्शनवर सहा-सहा, असे तीस स्क्रू. म्हणजे एका खोलीसाठी सुमारे दीडशे किलो वजन डोक्यावर उचलायचं आणि हात वर धरून अडीचशेच्या आसपास स्क्रू मारायचे. हे फक्त बोर्डाचं. सांगाडा आणि घासकाम वेगळं. मान, खांदा, कंबर कधी जाते ते चाळिशीतल्या कुठल्याही सीलिंगवाल्याला विचारा.

या कामाची खरी चाल ठरते ती वाळण्यावर, हाताच्या वेगावर नाही. आणि आपल्या लोणावळ्यात पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. जुलैत मसाला वाळता वाळत नाही. घाईने दुसरा हात मारला की चार महिन्यांनी सांधा दिसायला लागतो. बोर्ड ओल्या जमिनीवर टेकवून ठेवले की वाकतात. बंद बंगल्यात बुरशी धरते. मग मालक म्हणतो, कामगार चोर आहेत. अहो, पण फुटाच्या दरात वाट बघायचे पैसे कुणी धरलेत का? उक्त्या कामात जो थांबला तो मेला. कामगार घाई करतो ती त्याची खोड नाही, दराची रचनाच तशी आहे.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. ज्या देशातून हा बोर्ड आला, तिथेही हेच झालं. दक्षिण कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात युनियन मोडीत निघाली आणि बोर्ड लावणाऱ्यांचा फुटाचा दर घसरत जवळपास निम्म्यावर आला. कामगार बहुतेक मेक्सिकोतून आलेले, त्यातले कितीतरी एकाच गावचे. १९९२ च्या उन्हाळ्यात त्यांनी काम बंद केलं. घरबांधणी ठप्प झाली. अटका झाल्या. ओव्हरटाइम दिला नाही म्हणून ठेकेदारांवर खटले भरले गेले. नोव्हेंबरमध्ये बऱ्याच ठेकेदारांनी करार केला. गाव सोडून आलेली, कागदपत्रं धड नसलेली माणसं, पण एकमेकांना ओळखत होती म्हणून टिकली.

आपल्याकडे निदान कायदा तरी झाला. १९९६ मध्ये केंद्राने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि तो कल्याणकारी मंडळाकडे जातो. मंडळाच्या कामांच्या यादीत सीलिंगचं कामही आहे. सरकारी मराठीत त्याला 'आभासी छत' म्हणतात! म्हणजे हा माणूस कागदावर आहे. अडचण पुढे आहे. नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मोठ्या साइटवरच्या कामगाराला तो एकाच ठेकेदाराकडून मिळू शकतो. आपला सीलिंगवाला एका बंगल्यावर तीन दिवस असतो. ९० दिवस भरायला तीस बंगले आणि तीस मालक. दाखला ग्रामसेवक किंवा नगर परिषदही देऊ शकते. पण आज वाकसई, उद्या मळवली, परवा तिकोना पेठ, तर कुठल्या ग्रामसेवकाने म्हणायचं की हा आमच्याकडे कामाला होता? आणि कायद्यातली सुरक्षेची कलमं १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. इथे टोळी तिघांची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. लोणावळा नगर परिषदेने आणि मावळातल्या ग्रामपंचायतींनी महिन्यातून एक दिवस तरी या फिरत्या कामगारांच्या दाखल्यांसाठी ठेवावा. वेगवेगळ्या गावांतले दिवस एकत्र धरावेत. बंगलेवाल्यांनी काम संपल्यावर साध्या कागदावर नाव, तारखा आणि सही द्यावी. त्याला खर्च शून्य. आणि पावसाळ्यात काम काढणार असाल, तर वाळायचे दिवस दरात धरा.

तुंगार्लीचं काम शुक्रवारी संपलं. शनिवारी वास्तुशांत झाली. मी मालकांना विचारलं, छत कुणी लावलं हो? ते म्हणाले, "ठेकेदाराची माणसं होती."

कार्ल्याच्या सुताराचं नाव दोन हजार वर्षांनी वाचता येतं. या तिघांचं चोवीस तासांत पुसलं गेलं होतं.

तुमच्या घरचं छत कुणी लावलं, आठवत असेल तर कमेंटमध्ये गावासकट सांगा. आणि त्याला ९० दिवसांचा दाखला मिळाला का, तेही एकदा फोन करून विचारा.