जंबुमणी

जंबुमणी : क्वॉर्ट्झ या खनिजाचा जांभळा, पारदर्शक प्रकार, फेब्रुवारी महिन्याचे जन्मरत्न. सराफाकडे ॲमेथिस्ट आणि राशीचे खडे विकणाऱ्यांकडे कटेला किंवा जमुनिया या नावांनी मिळतो. रासायनिक संघटन सिलिका, म्हणजे शेताच्या बांधावर सापडणाऱ्या गारगोटीचेच. कठिनता ७, विशिष्ट गुरुत्व २.६५. फिक्या गुलाबीसर जांभळ्यापासून गर्द जांभळ्यापर्यंत छटा आढळतात. एकाच खड्यात गडद-फिकट पट्टे असणे हे दूषण नसून जातीचे लक्षण आहे.

उत्पत्ती : पुणे जिल्ह्यात मंचरहून भीमाशंकरकडे जाताना घोडेगावच्या पुढे शिनोली लागते. इथून डिंभ्याकडे पाहिले की डोंगरांच्या उतारांना पायऱ्या पडलेल्या दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांमुळे त्या तयार झाल्या. दख्खनच्या या बेसाल्ट खडकाने आज सुमारे ५ लाख चौ. किमी. प्रदेश व्यापलेला आहे. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले आणि खडक थिजल्यावर तिथे पोकळ्या राहिल्या. विहीर खणणारे या सच्छिद्र थराला मांजऱ्या म्हणतात आणि सलग, घट्ट थराला काळा पाषाण. पाणी बहुधा मांजऱ्यात लागते. स्फटिकही तिथेच असतात.

चांगली भरलेली पोकळी मधोमध फोडली तर तिचा इतिहास बाहेरून आत वाचता येतो. खडकाला चिकटून हिरवी, मऊ साल असते, ती सेलॅडोनाइटाची. तिच्या आत अकीकाचे करडे-पांढरे, केसासारखे बारीक पट्टे येतात. मग पांढऱ्या क्वॉर्ट्झचे दाटीने उभे सुळके, आणि जांभळा रंग असलाच तर तो त्यांच्या टोकांना. म्हणजे रंग आला तो अखेरच्या टप्प्यात, पोकळीत झिरपणाऱ्या पाण्यातून लोहाचा अंश स्फटिकात शिरल्यावर. नुसत्या लोहाने मात्र जांभळा रंग येत नाही. खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा मारा त्या लोहावर दीर्घकाळ व्हावा लागतो. हाच रंग उष्णतेने मोडतो. ४०० ते ५०० अंश से. तापमानाला जंबुमणी पिवळा किंवा तपकिरी होतो आणि बाजारातले बरेचसे ‘सिट्रीन’ असे तापवूनच केलेले असते.

महाराष्ट्रात जंबुमण्यासाठी जालना आणि अजिंठा हा भाग ओळखला जातो. पुणे जिल्ह्याची ख्याती निराळ्या खनिजांची आहे : वाघोलीच्या खाणींतला निळाभोर कॅव्हान्साइट, शिवाय स्टिलबाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइट गटातली खनिजे आणि अपोफिलाइट. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेमार्ग खोदताना निघालेले नमुने लंडनच्या संग्रहालयांपर्यंत पोचले. आपल्याकडचे संग्रह पाहायचे तर सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय आहे. खडी क्रशरच्या जबड्यात असे किती नमुने रोज भुगा होत असतील याची हळहळ वाटते. खाणीवरच्या मजुराला त्यांची किंमत कळली, तर त्यातले थोडे तरी वाचतील.

वापराचा इतिहास : घोडेगाव-शिनोलीच्या या घोडनदीच्या खोऱ्यात सिलिकेचे दगड हाताळण्याची परंपरा फार जुनी आहे. याच नदीच्या काठी, खाली शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची पाती आणि रंगीत दगडांचे मणी सापडले. पुढे सातवाहन काळात जुन्नर-नाणेघाट-कल्याण हा व्यापारमार्ग गजबजला. त्याच सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला गाड्या भरभरून पट्टेदार दगड जात असल्याची नोंद आहे.

युरोपात जंबुमणी एके काळी माणिक-पाचूच्या पंक्तीला बसत असे. एकोणिसाव्या शतकात दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेमध्ये प्रचंड साठे सापडले आणि भाव उतरला. ते साठेही लाव्ह्याच्या थरांतल्या पोकळ्यांतलेच, आपल्या दख्खनसारखे.

अर्थ व समजुती : जंबुमणी अंगावर असला की मद्य चढत नाही, अशी ग्रीकांची समजूत होती. मद्यदेवता बॅकस आणि दगड झालेली कुमारी यांची कथा प्राचीन म्हणून सर्रास सांगितली जाते; ती १५७६ मध्ये रेमी बेलो या फ्रेंच कवीने रचली. ख्रिस्ती धर्मात बिशपच्या अंगठीत हा खडा रूढ झाला. महिनावार जन्मरत्नांची आजची यादी १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली.

आपल्याकडच्या नवरत्नांत जंबुमणी नाही. ज्योतिषी त्याला शनीच्या नीलमाचे उपरत्न मानतात आणि मधल्या बोटात घालायला सांगतात. ही पद्धत पत्रिका आणि ग्रहांवर चालते, जन्मरत्नांची यादी इंग्रजी महिन्यांवर. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्याला ज्योतिषी हाच खडा सांगेल असे नाही. दोन्हींची सरमिसळ करून ‘दुहेरी लाभा’च्या नावाखाली महाग खडा गळ्यात मारणाऱ्यांपासून गिऱ्हाइकाने सावध राहावे. खडा आवडला म्हणून घ्यावा, हे कारण पुरेसे आहे.

पारख व निगा : काचेच्या नकलेत भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला जंबुमणी मात्र खराच क्वॉर्ट्झ असल्याने नजरेने ओळखू येत नाही. मोठी रक्कम मोजण्याआधी प्रमाणपत्र मागावे.

खडा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवावा. वाफेने साफ करू नये. अंगठी राखेने किंवा टूथपेस्टने घासू नये. चांदी उजळते, पण खड्याची झिलई जाऊ शकते. धुळीतही क्वॉर्ट्झचे कण असतात, म्हणून कोरड्या फडक्याने पुसण्यापेक्षा आधी पाण्याखाली धरावा. हिरा, माणिक, नीलम यांच्या डबीत ठेवल्यास त्याच्यावर चरे पडतात आणि मोत्या-पोवळ्यांसोबत ठेवल्यास तो त्यांना चरे पाडतो. सर्वांत जपावे ते उन्हापासून : खिडकीत महिनोन्‌महिने राहिलेला खडा किंवा दिवाणखान्यातला स्फटिकांचा गड्डा फिकट पडतो आणि गेलेला रंग घरी परत आणता येत नाही. झिओलाइट चिकटलेला नमुना आम्लात बुडवू नये. क्वॉर्ट्झ टिकेल, झिओलाइट जाईल. अंगठीला डाख द्यायचा असेल, तर सोनाराला आधी खडा काढून ठेवायला सांगावे.